स्टोरेजचा पिवळा दिवा लागला की आधी काय, मग काय: चालू होतानाच्या चाचण्या आणि बिघाडाच्या खुणा वाचण्याचा क्रम

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर भागातल्या एखाद्या कारखान्याच्या ऑफिसात सकाळी नॅसवर (डिस्क असलेलं, नेटवर्कवरून सगळ्यांनी वापरायचं साठवणीचं यंत्र) पिवळा दिवा दिसला किंवा सर्व्हर बीप करू लागला, की बहुतेक ठिकाणी पहिली गोष्ट एकच होते: बटण दाबून बंद, दहा सेकंद थांबून पुन्हा चालू. नेमकं हेच करायचं नसतं. डिस्कवर सगळ्यात जास्त ताण चालू होतानाच येतो. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टच्या लाइनवर दोन अँपिअरच्या आसपास करंट ओढते. एकदा वेग धरला की त्याहून पुष्कळ कमी. जी डिस्क लंगडत का होईना चालते आहे, ती बंद केल्यावर पुन्हा उठेलच याची खात्री नसते. शिवाय यंत्राने तोवर साठवलेल्या काही नोंदी रीस्टार्टमध्ये पुसल्या जातात आणि बिघाड कुठून सुरू झाला हे नंतर कळत नाही.

पुढचा क्रम दोन ते आठ डिस्कच्या नॅससाठी आणि रेड कार्ड असलेल्या सर्व्हरसाठी आहे. रेड म्हणजे एखादी डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून डिस्क एकत्र जोडण्याची मांडणी. अशा जोडलेल्या डिस्कच्या गटाला ॲरे म्हणतात आणि डिस्क चालवणाऱ्या कार्डाला किंवा चिपला कंट्रोलर. एकाच डिस्कच्या पीसीला किंवा सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला टप्पे २, ४, ५ आणि ६ जसेच्या तसे लागू पडतात.

## टप्पा १: बिघाड व्हायच्या आधीची तयारी

सगळं सुरळीत चालू असताना अर्धा तास काढून एक कागद तयार करा. त्यावर प्रत्येक कप्प्याचा क्रमांक, त्यातल्या डिस्कचं मॉडेल, क्षमता, सिरियल नंबरचे शेवटचे चार अंक आणि खरेदीची तारीख लिहा. सिरियल नंबर नॅसच्या स्टोरेज मॅनेजरमध्ये दिसतो, त्यासाठी डिस्क बाहेर काढायची गरज नाही. कागद यंत्राच्या बाजूला चिकटवा आणि त्याचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. ही माहिती फक्त त्याच नॅसवरच्या एक्सेल फाइलमध्ये ठेवली, तर ऐन वेळी ती उघडता येणार नाही.

याखेरीज तीन गोष्टी हाताशी हव्यात:

- त्याच किंवा जास्त क्षमतेची, नॅससाठी बनवलेली एक कोरी डिस्क. रविवारी संध्याकाळी बिघाड झाला तर एम. जी. रोडवर हवं ते मॉडेल मिळेलच असं नाही.
- ॲडमिनचा पासवर्ड आणि नॅसच्या सेटिंगची निर्यात केलेली फाइल, दुसऱ्या यंत्रावर.
- यूपीएस, आणि यूपीएसपासून नॅसला जाणारी यूएसबी केबल. ही केबल बऱ्याच ठिकाणी खोक्यातच पडून असते. ती जोडलेली नसेल तर वीज गेल्याचं नॅसला कळतच नाही आणि बॅटरी संपली की यंत्र धाडकन बंद पडतं.

पावसाळ्यात वाऱ्यावादळात महावितरणची लाइन ट्रिप होऊन लगेच परत येते आणि पुन्हा जाते, तेव्हा ही केबल डिस्क वाचवते. जनरेटर असला तरी तो चालू होईपर्यंतच्या मधल्या काही सेकंदांसाठी यूपीएस लागतोच.

तपासा: यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा. नॅसच्या स्क्रीनवर 'बॅटरीवर चालू' अशी सूचना आली पाहिजे. आली नाही तर केबल किंवा सेटिंग चुकलं आहे.

## टप्पा २: निरोगी यंत्र कसं चालू होतं ते ऐकून ठेवा

बिघाड ओळखायचा तर आधी नेहमीचा आवाज माहीत हवा. ठरवून, सुट्टीच्या दिवशी यंत्र नीट शटडाउन करून चालू करा आणि शेजारी उभे राहा.

बटण दाबल्यावर आधी पंखा जोरात फिरतो आणि काही क्षणांत शांत होतो. मग यंत्र स्वतःची रॅम, मदरबोर्ड आणि कंट्रोलर तपासतं. त्यानंतर डिस्क फिरू लागतात. बऱ्याच नॅसमध्ये आणि रेड कार्डवर त्या एकामागून एक, थोड्या अंतराने उठतात. सगळ्या एकदम उठल्या तर पॉवर सप्लायवर झटका येतो, म्हणून ही सोय. डिस्क एकेक करून चालू होतात म्हणजे काही बिघडलं, असं समजू नका.

प्रत्येक डिस्कच्या आतही एक चाचणी होते. मोटर वेग धरते, वाचणारे-लिहिणारे हेड डेटा साठवणाऱ्या गोल तबकडीवर येतात (तेव्हा एक हलकी 'टक्' ऐकू येते), हेड आपली जागा ओळखतात, तबकडीवरच लिहून ठेवलेला फर्मवेअरचा (डिस्क चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रामचा) उरलेला भाग वाचतात आणि मग डिस्क कंट्रोलरला 'तयार' असं कळवते. या सगळ्याला साधारण १० ते ३० सेकंद लागतात. पूर्ण नॅस लॉगिनला तयार व्हायला काही मिनिटं जातात.

बिघाडाचे आवाज यापेक्षा वेगळे असतात:

- एका लयीत टक्-टक्-टक्, मग फिरणं थांबतं, पुन्हा तेच: हेडना आपली जागा सापडत नाही. हेड खराब झालेत किंवा तबकडीला इजा आहे.
- बारीक गुणगुण किंवा बीपसारखा आवाज, पण फिरणं नाही: मोटर अडकली आहे किंवा हेड तबकडीला चिकटलेत.
- अजिबात आवाज नाही, हाताला कंपन नाही: वीज पोचत नाही किंवा डिस्कच्या खालचा सर्किट बोर्ड गेला आहे.
- फिरते, मंद होते, पुन्हा फिरते: आधी पॉवर सप्लाय तपासा, मग डिस्कवर संशय घ्या.

इशारा: टक्-टक् करणारी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. दर खेपेला हेड तबकडी खरवडण्याची शक्यता असते. तिच्यावर टिचकी मारणं, ती फ्रिजरमध्ये ठेवणं, तसल्याच दुसऱ्या डिस्कचा बोर्ड लावून पाहणं, यातलं काही करू नका. प्रत्येक डिस्कच्या बोर्डवरच्या चिपमध्ये तिच्या स्वतःच्या मोजमापांची नोंद असते, त्यामुळे नुसता बोर्ड बदलून आधुनिक डिस्क चालत नाही.

## टप्पा ३: दिवे आणि बीप वाचा

रंगांची भाषा कंपनीगणिक बदलते, म्हणून आपल्या मॉडेलचं मॅन्युअल डाउनलोड करून त्यातलं दिव्यांचं पान छापून ठेवा. तरी नेहमी भेटणाऱ्या यंत्रांबद्दल इतकं सांगता येतं.

सिनॉलॉजी: चालू होताना पॉवरचा निळा दिवा लुकलुकतो आणि तयार झाल्यावर स्थिर होतो, एक लांब बीप येते. स्टेटसचा दिवा स्थिर हिरवा म्हणजे ठीक. तो नारिंगी लुकलुकत असेल तर व्हॉल्यूम (डिस्कवर बनवलेली साठवणीची जागा) डिग्रेडेड (डिस्क गेली, पण डेटा अजून मिळतो) आहे, कोसळला आहे किंवा बनवलेलाच नाही. यातलं नेमकं कोणतं, हे दिव्यावरून कळत नाही. स्टोरेज मॅनेजर उघडावाच लागतो.

क्यूनॅप: स्टेटस लाल-हिरवा आलटून पालटून म्हणजे काहीतरी काम चालू आहे: रीबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करणं), फॉरमॅट किंवा फर्मवेअर अपडेट. या वेळी प्लग काढू नका. अर्ध्या सेकंदाच्या लयीत लाल लुकलुकणं म्हणजे रेड डिग्रेडेड. स्थिर लाल असेल तर गोंधळ होतो, कारण डिस्कचा बिघाड, बंद पडलेला पंखा आणि पूर्ण भरलेला व्हॉल्यूम या तिन्ही वेळी तो लागू शकतो. लाल दिवा पाहून थेट डिस्क बदलायला निघालेल्यांनी आधी किती जागा शिल्लक आहे ते पाहावं.

डेल पॉवरएजसारखे सर्व्हर: डिस्कचा दिवा हिरवा, मग अंबर (पिवळसर नारिंगी), मग विझलेला, या क्रमाने चालला असेल तर बिघाडाचा अंदाज आहे, डिस्क अजून चालू आहे. सेकंदाला चार वेळा अंबर म्हणजे ती निकामी झाली. सावकाश लुकलुकणारा हिरवा म्हणजे रीबिल्ड चालू. सेकंदाला दोनदा हिरवा म्हणजे कोणीतरी 'ओळख' आज्ञा दिली आहे किंवा डिस्क काढण्यासाठी तयार केली जात आहे. आणि सर्व्हर चालू केल्यावर सगळ्या डिस्क तयार होईपर्यंत हे दिवे बंदच असतात. त्या वेळात 'दिवाच नाही, डिस्क गेली' म्हणून ट्रे ओढायचा नाही.

एलएसआयच्या जातीची रेड कार्डं: एक सेकंद आवाज, एक सेकंद शांतता म्हणजे डिग्रेडेड. तीन सेकंद आवाज, एक सेकंद शांतता म्हणजे ॲरे ऑफलाइन, ही गंभीर स्थिती. एक सेकंद आवाज आणि तीन सेकंद शांतता म्हणजे रीबिल्ड पूर्ण झालं किंवा राखीव डिस्क कामाला लागली. घड्याळ लावून मोजा. कानाला तिन्ही सारखेच वाटतात.

बीप बंद करायची असेल तर मेनूतून करा, पण कागदावर नोंद केल्यावरच. बीप बंद करून काम रेटणं आणि दुसरी डिस्क गेल्यावर जागं होणं, असं बऱ्याच ऑफिसांत घडतं.

इशारा: कप्प्यांचा क्रम कुठून सुरू होतो ते पाहा. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप १ पासून मोजतात, डेलसारखे सर्व्हर शून्यापासून. लॉगमध्ये 'स्लॉट २' म्हणजे सर्व्हरवर तिसरा कप्पा. रेड-५ मध्ये (ही मांडणी एकाच डिस्कचा बिघाड सोसते) बिघडलेली सोडून चांगली डिस्क ओढली तर सगळा ॲरे बंद पडतो.

## टप्पा ४: खूण दिसल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

इथे क्रम मोडू नका.

1. यंत्र चालू असेल तर चालूच ठेवा. बंद असेल तर बंदच ठेवा आणि थेट टप्पा ७ वाचा.
2. दिव्यांचा दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. लुकलुकण्याची लय फोटोत दिसत नाही.
3. ॲडमिनने लॉगिन करून लॉग दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.
4. मोठी कामं थांबवा: सीसीटीव्ही रेकॉर्डिंग, रात्रीची स्कॅन, इंडेक्सिंग.
5. शेवटचा बॅकअप कधीचा आहे ते पाहा, आणि त्यातली एक फाइल खरोखर उघडून पाहा.
6. बॅकअप जुना असेल तर आता सगळ्यात महत्त्वाच्या फोल्डरपासून बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्यायला लागा. टॅलीचा डेटा, सीएनसीचे प्रोग्राम, ड्रॉइंग, निर्यातीची कागदपत्रं आधी, फोटो-व्हिडिओ शेवटी.

पिंपळगाव-दिंडोरी भागातल्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये हंगामात रोज नव्या खेपांच्या नोंदी पडतात. तिथे कालचा बॅकअपसुद्धा जुना ठरतो, म्हणून पहिली प्रत चालू हंगामाच्या फोल्डरची.

इशारा: प्रत पूर्ण व्हायच्या आधी लाँग टेस्ट (टप्पा ६), चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी), स्क्रबिंग (रेडमधला सगळा डेटा वाचून ताडून पाहणं) यातलं काहीही चालवू नका. ही कामं तबकडीचा मोठा भाग, बहुतेकदा पूर्ण तबकडी वाचतात. मरणपंथाला लागलेल्या डिस्कची उरलेली ताकद प्रत घेण्यात खर्ची पडली पाहिजे.

## टप्पा ५: स्मार्टचे आकडे

स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. चालू होताना बायोसने (मदरबोर्डच्या सुरुवातीच्या प्रोग्रामने) 'स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस' असं दाखवलं तर चर्चा संपली, डिस्क बदला. उलट 'गुड' किंवा 'पास्ड' दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. तो शेरा फक्त कंपनीने आखलेली मर्यादा ओलांडली की बदलतो आणि त्या मर्यादा फार सैल असतात. आत जाऊन प्रत्येक ओळीचा कच्चा आकडा, म्हणजे 'रॉ व्हॅल्यू', पाहायचा.

- ५, रीॲलोकेटेड सेक्टर: खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर (तबकडीवरचे डेटाचे छोटे तुकडे). आकडा लहान आणि महिनोन्महिने स्थिर असेल तर लक्ष ठेवा. दर आठवड्याला वाढत असेल तर बदला.
- १९७, करंट पेंडिंग सेक्टर: वाचता न आलेले, निर्णय बाकी असलेले सेक्टर. रेडमध्ये शून्याच्या वर कोणताही आकडा गंभीर धरा.
- १९८, ऑफलाइन अनकरेक्टेबल आणि १८७, रिपोर्टेड अनकरेक्टेबल: वाढू लागले की डिस्क बदलायची.
- १०, स्पिन रिट्राय: डिस्कला वेग धरायला पुन्हा प्रयत्न करावा लागला. हा आकडा वाढला असेल तर पुढच्या रीस्टार्टला ती उठेल असं धरून चालू नका.
- १९९, सीआरसी एरर: हा दोष बहुतेक वेळा डिस्कचा नसतो. डेटा केबल, कप्प्याचा कनेक्टर किंवा ढिला ट्रे तपासा. हा आकडा परत शून्य होत नाही. केबल बदलल्यावर तो वाढायचा थांबला का, एवढंच पाहायचं.
- १९४, तापमान: ४५ अंशांच्या आत उत्तम. ५० च्या वर सतत राहत असेल तर पंखा आणि धूळ पाहा. एप्रिल-मेमध्ये रविवारी एसी बंद असलेल्या खोलीत काय होतं, ते सोमवारी ग्राफवर दिसतं.

चुकीचं वाचन दोन ठिकाणी नेहमी होतं. सीगेटच्या डिस्कमध्ये १ आणि ७ क्रमांकाच्या ओळींत कोटींतले आकडे दिसतात आणि लोक घाबरतात. त्या आकड्यांत एकूण वाचनांची किंवा हेडच्या हालचालींची संख्याही मिसळलेली असते, त्यामुळे ते मोठे असणं नेहमीचंच. दुसरं, विंडोजवरचं क्रिस्टलडिस्कइन्फो कच्चे आकडे सोळाच्या पायात दाखवतं. तिथे '१०' दिसलं तर ते सोळा असतात. फंक्शन मेनूतल्या ॲडव्हान्स्ड फीचरमधून रॉ व्हॅल्यूज दशमान करून घ्या.

एक बारकावा: १९७ मधला आकडा दर वेळी तबकडीच्या इजेमुळेच येतो असं नाही. लिहिणं चालू असताना वीज गेली तर तो सेक्टर अर्धवट राहतो आणि पेंडिंग दिसतो. अशी डिस्क रेडमधून काढून, प्रत झाल्यावर, पूर्ण पुसून लाँग टेस्ट केली, १९७ शून्यावर आला आणि ५ जिथल्या तिथे राहिला, तर ती दुय्यम कामाला वापरता येते. ५ वाढला असेल तर इजा खरी होती.

एसएसडीत (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) हे क्रमांक जसेच्या तसे लागू होत नाहीत. एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीत 'पर्सेंटेज यूज्ड', 'अव्हेलेबल स्पेअर' आणि 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' पाहा. एसएसडी आवाज न करता जाते, कधी कधी अचानक फक्त वाचण्यापुरती उरते, म्हणून तिच्या बाबतीत बॅकअप आणखी ताजा हवा.

तपासा: स्मार्ट दिसतच नसेल तर आधी डिस्क कशी जोडली आहे ते पाहा. काही यूएसबी खोकी ही माहिती पुढे जाऊ देत नाहीत आणि रेड कार्डामागच्या डिस्क कार्डच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून पाहाव्या लागतात.

## टप्पा ६: चाचणी, प्रत झाल्यावरच

शॉर्ट टेस्ट दोनेक मिनिटांत संपते. मोटर, हेड, सर्किट आणि तबकडीचा थोडा भाग पाहते. ती नापास झाली तर पुढे काही तपासायचं उरत नाही. पास झाली तर लाँग टेस्ट लावा. ती प्रत्येक सेक्टर वाचते, म्हणून ४ टीबीच्या डिस्कला सात-आठ तास सहज लागतात आणि काम चालू असेल तर त्याहून जास्त. संध्याकाळी लावा, एका वेळी एकाच डिस्कवर. निकालात 'रीड फेल्युअर' आला की वॉरंटीसाठी त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या.

## टप्पा ७: दोष डिस्कचा की आणखी कशाचा

डिस्क दिसत नाही किंवा रेडमधून बाहेर पडली, पण तिचे आकडे स्वच्छ आहेत, असं पुष्कळदा होतं. अशा वेळी या गोष्टी पाहा:

पॉवर सप्लाय. चार-पाच वर्षं जुना ॲडॅप्टर रोजचं काम खेचतो, पण सगळ्या डिस्क उठताना कोलमडतो. लक्षण: चालू होताना दोन-तीन डिस्क एकदम गायब, किंवा यंत्र सुरुवातीलाच पुन्हा पुन्हा रीस्टार्ट. एकाच वेळी दोन डिस्क 'गेल्या' तर पहिला संशय यावरच घ्या.

३.३ व्होल्टची पिन. काही नव्या सर्व्हर डिस्कमध्ये साटा पॉवरच्या (डिस्कला वीज देणाऱ्या नेहमीच्या कनेक्टरच्या) तिसऱ्या पिनवर वीज आली की डिस्क बंदच राहते. जुन्या पीसीच्या पॉवर सप्लायवर अशी कोरी डिस्क मेलेली वाटते. जुन्या चार पिनी मोलेक्स कनेक्टरवरून वीज दिली की ती उठते, कारण त्यात ३.३ व्होल्टची तार नसते.

डेस्कटॉपची डिस्क. साधी डिस्क अवघड सेक्टर वाचायला बराच वेळ झगडत बसते. कंट्रोलर तेवढं थांबत नाही आणि तिला बाहेर काढतो. नॅससाठीची डिस्क साधारण सात सेकंदांत हात टेकते आणि बाकीचं काम रेडवर सोडते.

रेड कार्डची बॅटरी. बॅटरी उतरली की कार्ड आधी कॅशमध्ये (स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीत) लिहून घेण्याची पद्धत सोडून थेट डिस्कवर लिहू लागतं. सर्व्हर एकाएकी संथ होतो आणि दोष डिस्कना दिला जातो.

धूळ, ओल, थंडी. लेथ आणि ग्राइंडिंगच्या शेडला लागून असलेल्या ऑफिसात लोखंडाची भुकटी नॅसच्या मागच्या जाळीवर साचते. निफाडकडे हिवाळ्यात पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली जातो आणि बऱ्याच डिस्कची चालण्याची खालची मर्यादा तेवढीच असते. थंड शेडमधून उबदार खोलीत आणलेली डिस्क लगेच लावू नका. पिशवीतच दोन-तीन तास राहू द्या, नाहीतर तिच्यावर दव धरतं.

चालू होताना 'फॉरेन कॉन्फिगरेशन' (डिस्कवर कार्डाला अनोळखी रेडची मांडणी सापडली) असा प्रश्न आला तर घाईने 'क्लिअर' दाबू नका, त्याने डिस्कवरची रेडची माहिती पुसली जाते. आधी 'प्रिव्ह्यू' पाहा, ॲरे पूर्ण दिसत असेल तरच 'इम्पोर्ट'. विंडोजने नवी डिस्क समजून 'इनिशियलाइज' विचारलं तर 'कॅन्सल'.

## टप्पा ८: डिस्क बदलणे

1. नवी डिस्क आधी दुसऱ्या यंत्रावर तपासा. पॉवर-ऑन तास जवळपास शून्य हवेत. तास पुसून नवी म्हणून विकलेल्या डिस्क बाजारात येतात. सीगेटमध्ये 'फार्म' नावाची वेगळी नोंद असते, तिथले तास आणि स्मार्टमधले तास जुळले पाहिजेत. वेळ असेल तर लाँग टेस्टही करून घ्या.
2. ती सीएमआर (डेटाचे पट्टे एकमेकांवर न चढवणारी) असल्याची खात्री करा. एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवणारी) डिस्क रीबिल्डमध्ये फार संथ होते आणि कधी मधेच बाहेर फेकली जाते.
3. उरलेल्या डिस्कचे १९७ आणि १९८ पाहा. रेड-५ मध्ये दुसऱ्या एखाद्या डिस्कवर पेंडिंग सेक्टर असतील, तर रीबिल्ड लावण्याआधी पूर्ण बॅकअप झालाच पाहिजे.
4. मेनूतून डिस्क 'डीॲक्टिव्हेट' किंवा 'ऑफलाइन' करा आणि 'लोकेट'ने तिचा दिवा लावा.
5. कागदावरचे चार अंक आणि स्क्रीनवरचे चार अंक दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या.
6. ट्रे थोडाच पुढे ओढा, अर्धा मिनिट थांबा, तबकडी थांबली की मग बाहेर काढा. लेबलवरचा नंबर पुन्हा जुळवा. जुळला नाही तर तिथेच थांबा, नवी डिस्क घालू नका.
7. नवी डिस्क ट्रेमध्ये सगळे स्क्रू लावून बसवा, शेवटपर्यंत ढकला आणि रीबिल्ड सुरू झालं का ते पाहा. काही यंत्रांत ते आपोआप होतं, काहींत 'रिपेअर' दाबावं लागतं.

रीबिल्डला ४ टीबीला सहसा आठ तासांहून जास्त लागतात. काम चालू असेल तर दिवसभर. तोवर यंत्र रीस्टार्ट करू नका, फर्मवेअर अपडेट करू नका. बऱ्याच साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात दर १०^१४ बिट वाचनांमागे एक न सुधारता येणारी चूक होऊ शकते असं दिलेलं असतं. म्हणजे साडेबारा टीबीच्या आसपास. मोठ्या डिस्कच्या रेड-५ मध्ये रीबिल्डला एवढं वाचन होऊ शकतं, म्हणून चार किंवा जास्त मोठ्या डिस्क असतील तर पुढच्या मांडणीत रेड-६ (दोन डिस्कचा बिघाड सोसणारी) घ्या.

## टप्पा ९: बदलल्यानंतर

रीबिल्ड संपल्यावर स्टेटस हिरवा झाला की एकदा डेटा स्क्रबिंग चालवा. मग शॉर्ट टेस्ट दर आठवड्याला, लाँग टेस्ट महिन्यातून एकदा, आणि स्क्रबिंग तिमाहीला. तिन्ही वेगवेगळ्या रात्री. ईमेल सूचना सुरू करून 'टेस्ट मेल' पाठवा आणि तो खरोखर आला का पाहा. मेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जात राहणं ही फार नेहमीची चूक आहे.

कागदावर नव्या डिस्कचे चार अंक आणि तारीख लिहा. जुनी डिस्क वॉरंटीला पाठवायची असेल आणि अजून चालत असेल तर आधी पूर्ण पुसा. ती उठतच नसेल आणि तिच्यावर ग्राहकांची किंवा करांची कागदपत्रं असतील, तर वॉरंटीचा नाद सोडा आणि तबकडीला आरपार भोकं पाडून मगच ती ई-कचऱ्यात द्या.